बोजारा

तोरणाखाली बैलांच्या जोड्या लागल्या होत्या आणि पोलीस पाटील अश्वजितचा फोन पुन्हा वाजला. देवळीहून ठाणेदार बोलत होते.

"पोरं बांगलादेशचे व्हिडिओ फिरवतायत म्हणे. तिकडचं लोण आपल्याकडे यायला नको. पोळ्यावर लक्ष ठेव."

"बांगलादेश इथून लय दूर हाय, साहेब," अश्वजित म्हणाला खरा, पण त्याची नजर प्रफुलच्या खिशावर होती. नव्याकोऱ्या पँटचा खिसा एका बाजूनं लोंबत होता. पोळ्याला कोणी खिशात दगड घेऊन येत नाही.

प्रफुलची पोलीस भरतीची मैदानी झाली होती, लेखी बाकी होती. नावावर एक गुन्हा लागला की वर्दी गेली, हे त्यालाही कळत होतं. पण श्रावणभर मोबाईलवर त्यानं एकच पाहिलं होतं : माणसं रस्त्यावर उतरली आणि बंद दारं उघडली. इकडे शेतात कपाशीची पऱ्हाटी पिवळी पडत चालली होती, आणि ताराचंदसेठ युरिया संपला म्हणून हात वर करत होता. परवाच त्याच्या गोदामात ट्रक रिकामा होताना अख्ख्या गावानं पाहिला होता. पोळा फुटला की पोरांनी थेट गोदामावर जायचं, असं ठरलं होतं.

"लंकेतबी खतापासूनच सुरू झालतं," प्रफुल सोबतच्या पोरांना सांगत होता. "मंग बांगलादेश. आता आपला नंबर."

त्याची आई देवकाबाई पुढेच आपली जोडी धरून उभी होती. बैल धरणं हे गड्यांचं काम, असं तिला सांगायची छाती असलेला गडी गावात उरला नव्हता. तिनं पोराच्या खिशाकडे पाहिलं. पदर खोचला आणि पोळ्याच्या रांगेत म्हणतात तशी झडती म्हटली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी :

"पऱ्हाटी उभी पिवळी, मान खाली घालून,
खत निजलं गोदामात, कुलपाले कवटाळून,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

रांगेतून हशा उठला. तोरण तुटलं, पोळा फुटला. पोरं धावणार, तेवढ्यात देवकाबाईनं जोडी वळवली.

"कोठी चालली व, माय?" प्रफुल म्हणाला. "घर इकडं हाय."

"सेठाच्या दारात. आज बैलाले कोनी नाई म्हनते का?" मग मागं वळून ती बाकीच्यांना म्हणाली, "या रे, सगळे या."

आणि सगळे गेले. झुली, घुंगरं, बेगड लावलेली शिंगं, अशी गल्ली गच्च भरली. गोदाम सेठाच्या घराला लागूनच होतं. पोरं मागून धावत आली आणि थबकली. गोदाम आणि त्यांच्या मध्ये गावचे सगळे बैल उभे होते. पोळ्याच्या दिवशी बैलावरून दगड भिरकावील असं पोर अजून या भागात जन्मलेलं नाही.

गलका ऐकून सेठानं दाराला कडी लावली होती. फटीतून शिंगं दिसली, तशी त्यानं ती काढली. ताराचंद लोभी असेल, पण गावातलाच होता. पोळ्याला दारात आलेला बैल तसाच परत पाठवणं त्याच्यानं होणार नव्हतं. बायकोनं, ज्योत्स्नाबाईनं, आरती आणली, पुरणपोळी आणली. सेठानं वाकून बैलांचे पाय धुतले आणि जोडी आणणाऱ्याला द्यायचा बोजारा म्हणून एक नोट पुढे केली.

देवकाबाईनं हात मागे घेतला.

"नोट नको, ताराचंदभाऊ. यंदा बोजारा चावीचा."

"मावशी, माल नाई हो."

"नसन तर रिकामं गोदाम पाहू आमी. फुकट नाई मांगत. पोत्यावर छापलं हाय तेवढं घेजा." तिनं बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "तवरोक पाय धुवा. लाइन लय लंबी हाय."

ती बाजूला सरली. दुसरी जोडी आली. सेठानं पाय धुतले, नोट काढली. ती धरून उभा असलेला चिंधू म्हणाला, "चावी." तिसरी जोडी आली. तिचा मालकही तेच म्हणाला. कोणी आवाज चढवला नाही, कोणी शिवी दिली नाही. बैल शांतपणे पोळी खात होते आणि सेठ खुरांवर पाणी ओतत होता. बादली संपली तर देवकाबाईनं प्रफुललाच पाणी आणायला पिटाळलं. या बाईचं करावं तेवढं कौतुक थोडं. कितव्या जोडीला सेठाचा ओला हात कमरेच्या चावीकडे गेला, ते कोणी मोजलं नाही.

दिवेलागणीला अश्वजितचा फोन वाजला.

"काय परिस्थिती? आलं काय ते लोण?"

"आलं, साहेब," अश्वजित म्हणाला. "पन बैलाइच्या पायानं आलं. सेठ पाय धुऊन राह्यला, गोदाम उघडं हाय."

ठाणेदारांनी लगेच पुढचं विचारलं.

"दगडफेक?"

अश्वजितनं गोदामाकडे पाहिलं. पोती डोक्यावर घेऊन माणसं बाहेर पडत होती. वारा सुटला होता, पण दार हलत नव्हतं.

"दगड एकच हाय, साहेब. प्रफुलनं दाराच्या पल्ल्याले लावला, मिटू नाई म्हनून."