घासलेलं नाव

पोलीस ठाण्यातल्या टेबलावर तांब्याची घागर ठेवली होती. अमरसिंहनं ती मित्रासाठी, शिवपुत्रसाठी, ऑनलाइन विकली होती, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोनवरून. "माझ्या आईची हाय, पण दुसऱ्याचं नाव कोरलेली घागर कोण घेणार? नाव घासून टाक," शिवपुत्र म्हणाला होता. अमरसिंहनं मन लावून घासलंही. आता तोच शिवपुत्र शेजारी उभा राहून म्हणाला, "म्या ही घागर बघितलीच न्हाय, साहेब." हवालदार अमरसिंहकडं वळला. "जाहिरात तुझी, पैसे तुझ्या खात्यात. चोरीच्या मालावरचं नावही तूच खोडलंस. मग मित्र कुठं आला?" अमरसिंह रडवेला झाला. "म्या कुणाचं काय नेलं, साहेब?" घागर चोरीला गेलेली सास्तूर गावची म्हातारी मालकीण घागरीच्या गळ्यावरल्या गुळगुळीत जागेवर बोट फिरवत होती. "त्र्याण्णवच्या भूकंपात माझी लेक गेली," ती म्हणाली. "ढिगाऱ्यातून तिच्या रुखवतातली एवढीच घागर निघाली. इथं तिचं नाव होतं, लेकरा."