खडूची खूण

शेडचं दार लावून गॅरेजवाला आत अंधारात उकिडवा बसला. हातात खडू. बाहेर त्याची बायको टॉर्च घेऊन पत्र्याच्या कडेला वाकली. पत्रा आणि जमीन यांच्यातल्या फटी दोघांनी दुपारपासून सिमेंटनं बुजवल्या होत्या. आता परीक्षा होती. ती बाहेरून बुडाशी उजेड टाकणार, आणि आत जिथं तो दिसेल तिथं हा खूण करणार.

"टाक उजेड," तो आतून ओरडला. "आणि उंदरांना सांग, दुसरीकडे खोली बघा म्हणावं."

तिला हसू आलं. गाड्यांच्या वायरी कुरतडून उंदरांनी त्याच्या नाकी नऊ आणले होते.

"इथं?" तिनं विचारलं.

"नाही."

"आणि इथं?"

"काही नाही. चल पुढं."

कोपऱ्यापाशी ती थबकली. तिथलं सिमेंट ढासळून पडलं होतं. तिनं करंगळी घातली, तर ती सरळ आत गेली. वेळेवर सापडलं म्हणायचं. तिनं टॉर्च नेमका तिथं धरला.

"हे बघा, इथं आहे."

"कुठं काय? मिट्ट काळोख आहे."

"नीट बघा की."

"बघतोय ना! नाही म्हणतो तर."

हा दुसऱ्याच कोपऱ्यात जाऊन बसला असणार, असं वाटून तिनं गाल जमिनीला टेकवला आणि फटीतून डोकावली. तो समोरच होता, हातभर अंतरावर. उजेड त्याच्या गुडघ्यावर पडला होता, खडू धरलेल्या बोटांवर पडला होता. नखांतलं ग्रीससुद्धा दिसत होतं. डोळे टक्क उघडे होते, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं तो पत्रा चाचपत होता.

परवाच त्याच्या कोपरानं चहाचा कप लवंडला, तेव्हा ती त्याच्यावर केवढी डाफरली होती. चष्म्याचा नंबर वाढला असेल, एवढंच तो म्हणाला होता. तिनंही ते खरं धरलं होतं.

तिनं मान वळवली. मागे शाळेची व्हॅन उभी होती. तिचे ब्रेक आज सकाळी शेडमध्ये त्यानंच बसवले होते. बाहेर उजेडात घेऊ या का गाडी, असं तिनं विचारलं तर म्हणाला, "कशाला? नट हाताला कळतो." उद्या ड्रायव्हर येणार होता आणि इथून थेट मुलांना घ्यायला जाणार होता.

"अगं, गप्प का बसलीस?" आतून आवाज आला.

तिनं टॉर्च बंद केला. बाहेरही आता चांगलंच अंधारून आलं होतं. तिला खूप भीती वाटत होती, तरी आवाज तिनं नेहमीसारखाच ठेवला.

"आता बघा. दिसतोय का उजेड?"

आत तळवा पत्र्यावरून सरकल्याचा आवाज आला. मग तो एकदम उत्साहानं बोलला.

"हां, हां! दिसला की. चांगला लख्ख दिसतोय. थांब, खूण करतो."

आणि पत्र्यावर खडू घासल्याचा आवाज येऊ लागला.