गोड घोरणं

माझ्या घोरण्यानं डोकं उठतं म्हणून बायकोनं तीन वर्षांपूर्वीच माझी रवानगी हॉलमधल्या सोफ्यावर केली. आता तिच्या उशाशी आमचा चपट्या नाकाचा पग कुत्रा झोपतो. "इतका गोड घोरतो, म्हणून तर मला पगच हवा होता," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि मोबाइलवर त्याचं घोरणं ऐकवते.

त्याला लस द्यायला नेलं तेव्हा तिनं डॉक्टरांनाही ऐकवलं. ते हसले नाहीत.

"ताई, हे घोरणं नाही. नाकपुड्या जन्मतःच अरुंद आहेत, जीव गुदमरतोय त्याचा. छोटंसं ऑपरेशन केलं की मोकळा श्वास घेईल."

बायकोनं पगला छातीशी घट्ट धरलं. तिचे डोळे भरून आले.



"पण डॉक्टर, मग त्याचं घोरणं बंद नाही ना होणार?"