हातभर अंतर

हात थरथरायला लागल्यापासून डूगलने गोल्फचा हा तिसरा पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, घेतला होता. जड, जाड मुठीचा. फाइफ परगण्यातला अख्खा हिवाळा त्याने गालिच्यावर चहाचा मग आडवा ठेवून त्यात चेंडू ढकलण्यात घालवला.

वसंतात जुना जोडीदार मर्डोबरोबर मोसमातला पहिलाच डाव. डूगलचा चेंडू भोकापासून हातभर. इतक्या जवळून समोरच्याने "सोडला" म्हटलं, की फटका मारावाच लागत नाही. पण चाळीस वर्षांत मर्डोने वीतभरही सोडलं नव्हतं. "आधी भोकात घाल, मग तोंड उघड," हे त्याचं ठरलेलं.

डूगलने पटर टेकवला. तो गवतावर थरथरत राहिला.

मर्डोने वाकून चेंडू उचलला आणि त्याच्या हातात ठेवला.

"सोडला रे," तो हळूच म्हणाला. "गेलाच असता."