मोठाय

बालकल्याण समितीच्या कचेरीबाहेर चंद्री बाकावर बसून पोरीची वेणी घालत होती. बोटं केसांत, आणि ओठांवर पाड्यावरचं गाणं, अगदी हळू.

“आय गेली पान्याला गं...”

“मोठाय बसली दाराला,” सोनकीने पुढचं म्हटलं. बालगृहात राहून तिच्या तोंडचे किती शब्द बदलले होते. हा तेवढा तसाच होता.

चंद्रीच्या नवऱ्याने, सखाने, इकडेतिकडे पाहिलं. पोरीला घेऊन आलेली बालगृहाची बाई पाठमोरी उभी होती, शिपायाशी बोलत.

“आत गेल्यावर मोठाय म्हनू नको गो,” तो सोनकीला म्हणाला.

“मग काय म्हनल ती?” चंद्रीने विचारलं.

“मावशी. मोठाय हितं कुनाला समजतंय? नुसतं ‘आय’ ऐकतील न् बोलतील, आय तर मेली, ही नवी कुठून आली? मावशीला शहरात किंमत हाय. माय मरो न् मावशी जगो. शाळेत होतं आमाला.” सखा चौथीपर्यंत गेलेला.

पाड्यावर आईच्या थोरल्या बहिणीला मावशी कोणी म्हणत नाही. ती मोठी आय. लेकरांच्या तोंडात तिची मोठाय होते, आणि मग जन्मभर मोठायच राहते.

चंद्रीने वेणीला गाठ मारली. पोरीची हनुवटी धरली.

“मावशी म्हन. म्हन बघू.”

“मावशी.”

“अजून.”

“मावशी.”

“शानी माजी बाय.”

आत समितीच्या पद्मजा मॅडम होत्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चंद्रीला खुर्ची दिली, पाणी मागवलं, मग विचारलं, “इतके महिने होतात कुठे तुम्ही?”

“भट्टीवर, मॅडम. विटांच्या. गुजरातला. बहीन हॉस्पिटलात वारली ते पाड्यावर परत आल्यावर कळलं. पोर तिच्या खाटेखाली बसलेली गावली, म्हनतात.”

“तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण कागदावर तुम्ही दोघी बहिणी कुठेच एकत्र नाही. सरपंचाचं पत्र काय, कुणालाही मिळतं. गेल्या वर्षी आम्ही अशीच एक पोर तिच्या काकाला दिली. तो काका नव्हता.” मॅडमनी सोनकीकडे पाहिलं. “म्हणून पोरीलाच विचारते. तिने ओळखलं, तर आज घेऊन जा. नाहीतर दत्तकाला मोकळी म्हणून लिहावं लागेल. मग ती कुठल्या घरी गेली, हे तुम्हाला कळणारही नाही.”

“विचारा,” चंद्री म्हणाली. तिने पदर मुठीत धरला.

“सोना, इकडे बघ बेटा. ही कोण?”

सोनकीने चंद्रीकडे पाहिलं. चंद्रीचे ओठ तिच्याही नकळत हलले.

“मावशी,” सोनकी म्हणाली. स्वच्छ, शिकवलं होतं तसं.

सखाने श्वास सोडला.

मॅडमनी बालगृहाच्या बाईकडे बोट केलं. “आणि ही?”

“मावशी.”

तेवढ्यात एक बाई चहा घेऊन आत आली. “आणि ह्या?”

“चहाच्या मावशी.”

कोणीतरी हसलं. सोनकीही हसली. तिची सगळी उत्तरं बरोबर आली होती. बालगृहात भात वाढते ती मावशी, अंघोळ घालते ती मावशी, रात्री बाहेरून कडी लावते तीही मावशीच.

चंद्री उभी राहिली. “मॅडम, ती मला मोठी आय म्हनते. विचारा तिला. आत्ता भाईर म्हनली.”

“आता तुम्हीच तिच्यासमोर सांगितलंत. मग विचारून काय कळणार?”

“मीच शिकवलं तिला, मावशी म्हन म्हनून...”

बालगृहाची बाई खाली बघत म्हणाली, “शिकवत होत्या, मॅडम. ‘मावशी म्हन’ एवढं ऐकलं मी. सांगायचं जिवावर आलं होतं.”

“गानं विचारा,” सखा पुढे झाला. “तिला गानं येतंय आमचं. चंद्रे, म्हन ना!”

चंद्रीने तोंड उघडलं. गळ्यातून सूर आला नाही. जे आलं ते ऐकून सोनकी घाबरली आणि बालगृहाच्या बाईच्या निऱ्यांत शिरली.

पद्मजा मॅडमनी ते पाहिलं. पेन उचललं.

“रडणं मला दिसतंय, बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “तो काकाही रडला होता.”

बाहेर रिक्षा उभीच होती. बालगृहाच्या बाईने सोनकीला मांडीवर घेतलं, हातात बिस्किटाचा पुडा दिला. सोनकीने पुडा उघडला. एक बिस्कीट मोडून अर्धं शेजारच्या जागेकडे धरलं. रिक्षा सुरू झाली तरी हात तसाच राहिला. घ्यायला चंद्री रिक्षात बसलीच नव्हती.

तिने वळून मागे पाहिलं. रस्त्याच्या मधोमध चंद्री उभी होती, आणि तिच्या मागे, आभाळाला टेकून, बदलापूरकडचा डोंगर.

“मोठाय!” सोनकी ओरडली. “मोठाय! मोठाय!”

बाईने वाकून बाहेर डोकावलं. मग पोरीच्या केसांवरून हात फिरवला.

“हो गं राणी. डोंगर आहे तो. मोठाय. खूप मोठाय.”

रिक्षा वळली. मागे, रस्त्यावर, चंद्रीने ओ दिली.