मधुमेहाचं घर

बाबांना जाऊन चारच दिवस झाले होते. आरोग्य खात्याचा कारकून मास्क आणि हातमोजे घालून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि दोन बोटांच्या चिमटीत धरलेला मृत्यूचा दाखला त्याने लांबूनच माझ्या हातात दिला. कारण लिहिलं होतं, मधुमेह.

“अहो, साथीच्या वॉर्डात गेले ते. आम्हाला तोंडसुद्धा बघू दिलं नाहीत तुम्ही,” मी म्हणाले.

“ते खरंय ताई. पण ज्याला जुनं दुखणं आहे, त्याचा मृत्यू त्या दुखण्यात धरायचा, असं साहेबांनी सांगितलंय. म्हणून तर या आठवड्यात साथीचा मृत्यू एकही नाही. सोमवारपासून सगळं उघडतंय ते काय उगाच?”

आतून आईचा आवाज आला. “ह्यांना कुठला मधुमेह? चहात तीन चमचे साखर लागायची शेवटपर्यंत. मधुमेह मला आहे. तुमच्या पाहणीवाल्या बाईंना मी माझंच सांगितलं होतं.”

कारकुनाने हातातली यादी वरून खाली एकदा बघितली आणि परत घडी घातली.

“घरात कुणाला तरी आहे ना, काकू? मग झालं.”

एवढं बोलून त्याने पिशवीतून डिंकाची बाटली काढली आणि जाता जाता आमच्या दारावर लाल कागद चिकटवला.



“या घरात साथीने मृत्यू झाला आहे. चौदा दिवस कुणीही आत-बाहेर करू नये.”