गुलाबी फेटा

शिवकन्येला व्हिएतनामच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली, तेव्हापासून तिच्या नवऱ्याच्या पोटात दुखत होतं. दोघंही गावातल्या शाळेत इंग्रजीच शिकवत. अर्ज दोघांनीही केला होता. “जाऊ का?” ती रोज विचारायची. “तिथं साप खातेत म्हणं,” तो म्हणायचा. त्याला सोडून जायला तिचाही पाय निघत नव्हता. आज सरपंच तातेराव मंडळी घेऊन दारात आले. “सर, पुसेगावचं नाव काढलं तुमी! परदेशात शिकवायला निघाले!” म्हणत त्यांनी गुलाबी फेटा सरांच्याच डोक्याला बांधायला घेतला. नोकरी बायकोला लागली, हे वेढ्यागणिक ओठांवर येत होतं, पण तो मान ताठ धरून बसला. चहाचा ट्रे घेऊन शिवकन्या बघत होती. मंडळी गेल्यावर तो घाईनं फेटा सोडू लागला. “राहू द्या, छान दिसून राहिला,” म्हणत तिनं कपाटावरची बॅग काढली.